नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली आणि संगणक सुरूच होईना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि तेव्हापासून गिरगावातल्या आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर एकाच तक्रारीचे संगणक वारंवार येऊ लागले: रात्री घरीच नवी सिस्टिम टाकली, सकाळी पडदा काळा. यांतले बरेचसे संगणक बिघडलेले नसतात. नवी सिस्टिम डिस्कवर व्यवस्थित बसलेली असते, पण तिच्यापर्यंत पोहोचायचा पत्ता संगणकाला सापडत नसतो. त्यामुळे खालची बहुतेक उत्तरे हा पत्ता कुठे हरवला ते शोधण्याविषयी आहेत.

संगणक सुरू होत नाही. सर्वांत आधी काय करावे?

तो नेमका कुठे थांबतो ते पाहावे. "बंद पडला" या दोन शब्दांत किमान चार वेगळे बिघाड लपलेले असतात. खटका दाबल्यावर प्रथम मदरबोर्डवरील फर्मवेअर, ज्याला आपण सवयीने बायोस म्हणतो, जागे होते आणि मेमरी, प्रोसेसर व ग्राफिक्स तपासून पाहते. त्यानंतर ते ठरलेल्या क्रमाने डिस्क धुंडाळते, डिस्कवरील बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्रॅम उचलते आणि मग हा बूटलोडर खरी ऑपरेटिंग सिस्टिम मेमरीत आणतो. कंपनीचे चिन्हच उमटले नाही तर दोष यंत्रात आहे. चिन्ह येऊन डिस्क सापडत नसल्याचा संदेश आला तर बूटलोडरच्या वाटेत आहे. विंडोजचे गोल फिरू लागल्यावर निळा पडदा आला तर ड्रायव्हर (यंत्राचा एखादा भाग चालवणारा प्रोग्रॅम) किंवा बायोसच्या सेटिंगमध्ये आहे. आणि पासवर्ड टाकल्यावर पडदा काळा झाला तर बूट होण्याचा, म्हणजे सिस्टिम सुरू होण्याचा, प्रश्नच नाही, ग्राफिक्सचा आहे.

पडद्यावर जो मजकूर येतो त्याचा मोबाइलने फोटो काढून ठेवावा, कारण निळा पडदा अनेकदा वाचून होण्याआधीच नाहीसा होतो. आणि ओळखीतले कोणी "फॉरमॅट मारून टाका, पाच मिनिटांचे काम" असे सुचवले, तर त्यांना चहा पाजावा, पण संगणकाला हात लावू देऊ नये.

माझे फोटो आणि कागदपत्रे गेली का?

बूट न होणे आणि डेटा जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सिस्टिम टाकताना आपण डिस्कवरचा विभाग (पार्टिशन) फॉरमॅट न करता त्यावरच नवी विंडोज टाकली असेल, तर जुन्या फायली 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये असण्याची दाट शक्यता आहे. लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा पेनड्राइव्ह लावून, 'इन्स्टॉल' न निवडता 'ट्राय' निवडावे. संगणक पेनड्राइव्हवरूनच चालू होतो, डिस्क उघडून पाहता येते आणि हवे ते बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेता येते.

विभाग डिलीट केले असतील तर मात्र डिस्कवर पुढे एक अक्षरही लिहू नये. जुन्या, फिरत्या हार्ड डिस्कवर डिलीट केल्याने केवळ अनुक्रमणिका पुसली जाते, मजकूर राहतो. एसएसडीमध्ये, म्हणजे फिरते भाग नसलेल्या चिपच्या डिस्कमध्ये, ट्रिम नावाची व्यवस्था मोकळ्या झालेल्या जागा स्वतःहून साफ करते, म्हणून तिथे आशा बरीच कमी असते.

"नो बूटेबल डिव्हाइस" असा संदेश येतो. याचा अर्थ डिस्क खराब झाली का?

तसे असेलच असे नाही. आधी इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह काढून पुन्हा सुरू करून पाहावे. तो लागलेला राहिल्याने गोंधळ होणे ही अगदी रोजची बाब आहे. त्यानंतर बायोसमध्ये जाऊन तिथल्या यादीत डिस्कचे नाव दिसते का ते पाहावे. बायोसमध्ये जाण्यासाठी बहुतेक डेस्कटॉपवर डिलीट, डेल व एसरवर एफ२ आणि एचपीवर एफ१० हे बटण खटका दाबल्याबरोबर टिचक्यांसारखे दाबत राहावे लागते. यादीत डिस्कच नसेल तर केबल, खाच किंवा डिस्क यांपैकी काहीतरी सदोष आहे. डिस्क दिसते पण बूट होत नाही, असे असेल तर पुढचे उत्तर वाचावे.

यूईएफआय आणि लेगसी, जीपीटी आणि एमबीआर ही काय भानगड आहे?

निम्म्याहून अधिक प्रकरणे इथेच सुटतात, त्यामुळे हे थोडे सावकाश समजून घेणे फायद्याचे ठरेल.

संगणक सुरू होण्याच्या दोन पद्धती आहेत. जुन्या पद्धतीत, म्हणजे लेगसीत, फर्मवेअर डिस्कचा अगदी पहिला तुकडा वाचते आणि तिथे जे लिहिलेले असेल ते डोळे मिटून चालवते. या पद्धतीच्या डिस्कवरील विभागांच्या नोंदवहीला एमबीआर म्हणतात. तिच्यात मुख्य विभाग चारच मावतात आणि सुमारे २ टेराबाइटच्या पलीकडची जागा तिला मोजताच येत नाही. नव्या पद्धतीत, म्हणजे यूईएफआयमध्ये, फर्मवेअर स्वतःच एक लहानसा विभाग उघडून त्यातली बूटलोडरची फाइल शोधते. हा विभाग एफएटी३२ स्वरूपाचा असतो, विंडोज तो साधारणपणे १०० मेगाबाइटचा करते आणि माय कॉम्प्युटरमध्ये तो दिसत नाही. या पद्धतीच्या नोंदवहीचे नाव जीपीटी. विंडोज तिच्यात १२८ विभाग मांडू देते.

आता गडबड कशी होते ते पाहा. पेनड्राइव्ह ज्या पद्धतीने बूट होतो, त्याच पद्धतीची विंडोज तो डिस्कवर बसवतो. रुफससारख्या प्रोग्रॅममध्ये पेनड्राइव्ह बनवताना 'एमबीआर' हा पर्याय चुकून राहिला, संगणकाने तो लेगसी पद्धतीने उचलला आणि विंडोज तशीच बसली; नंतर बायोसमध्ये केवळ यूईएफआय चालू ठेवले गेले, की संगणक जीपीटीचा दरवाजा शोधत बसतो आणि तो दरवाजा त्या डिस्कवर नसतोच. उलट दिशेनेही हेच घडते. तात्पुरता उपाय म्हणजे बायोसमधील बूट मोड पूर्वीसारखा करणे. संगणक लगेच सुरू झाला तर रोगाचे निदान झाले असे समजावे.

लेगसीची विंडोज कायमची यूईएफआयवर न्यायची असेल तर पुन्हा सर्व टाकण्याची गरज नाही. २०१७ पासून विंडोजमध्येच 'एमबीआर२जीपीटी' नावाचे साधन आहे. ते डेटा न पुसता डिस्क बदलते, मात्र डिस्कवर तीनपेक्षा जास्त मुख्य विभाग नसावेत. आधी 'व्हॅलिडेट' हा शब्द देऊन तपासणी करावी, ती पार पडली तरच 'कन्व्हर्ट' द्यावे, आणि त्यानंतर बायोस यूईएफआयवर न्यावे. बॅकअप मात्र तरीही घ्यावा.

नव्या एसएसडीवर विंडोज टाकली, ती छान चालली. जुनी हार्ड डिस्क काढली आणि संगणक बंद. असे का?

गेल्या पावसाळ्यात चर्नी रोडहून एक गृहस्थ डेस्कटॉप घेऊन आले, तेव्हा काढलेली हार्ड डिस्क त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पानात नीट गुंडाळून सोबत आणली होती. नवी एसएसडीच खराब निघाली, अशी त्यांची खात्री होती आणि दुकानदाराशी दोन दिवस वादही झाला होता. ती कॅलेंडरमधली डिस्क परत जोडली, तसा संगणक वीस सेकंदांत सुरू झाला.

कारण साधे आहे. विंडोजच्या इन्स्टॉलरला संगणकात आधीपासून एखादा बूट विभाग दिसला, तर तो नव्या डिस्कवर दुसरा विभाग करण्याऐवजी बहुधा त्या जुन्यातच आपली नोंद टाकतो. विंडोज राहते एसएसडीवर आणि तिची किल्ली राहते हार्ड डिस्कवर. हार्ड डिस्क कपाटात गेली की घराची किल्लीही कपाटात जाते. म्हणून नवी सिस्टिम टाकताना बाकी सर्व डिस्कच्या केबल काढून ठेवाव्यात. पाच मिनिटांचा हा कंटाळा पुढची संध्याकाळ वाचवतो.

काम आधीच होऊन गेले असेल तर एसएसडीवर बूट विभाग नव्याने करता येतो. विंडोजच्या पेनड्राइव्हवरून सुरुवात करून, भाषा निवडण्याच्या पडद्यावर शिफ्ट व एफ१० एकत्र दाबल्यास काळी खिडकी उघडते. तिथे 'डिस्कपार्ट' चालवून एसएसडी निवडावी, विंडोजचा विभाग सुमारे ३०० मेगाबाइटने आक्रसवावा, मोकळ्या झालेल्या जागेत 'ईएफआय' प्रकारचा विभाग करून तो एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करावा आणि त्याला एस हे अक्षर द्यावे. मग बाहेर येऊन 'बीसीडीबूट' या आज्ञेला विंडोजच्या फोल्डरचा पत्ता आणि एस हे ठिकाण सांगितले की ती बूटच्या फायली तिथे मांडून देते. दोन बाबतींत सावध राहावे. या खिडकीत विंडोजचा विभाग सी असेलच असे नाही, तो डी किंवा ई म्हणूनही दिसतो, तेव्हा आधी आत डोकावून विंडोजचे फोल्डर आहे का ते पाहावे. आणि डिस्कपार्टमध्ये 'क्लीन' हा शब्द कोणत्याही परिस्थितीत टाइप करू नये. तो काही न विचारता संपूर्ण डिस्कची नोंदवही पुसतो.

लॅमिंग्टन रोडवरून एनव्हीएमई एसएसडी आणून कार्डावर बसवली. विंडोजमध्ये दिसते, पण तिच्यावरून बूट होत नाही.

मदरबोर्ड जुना असल्यास ती होणारही नाही. एनव्हीएमईवरून, म्हणजे जास्त वेगवान जोडणीच्या एसएसडीवरून, सुरू होण्यासाठी फर्मवेअरमध्येच त्याचा ड्रायव्हर लागतो आणि तो साधारणपणे २०१४ नंतरच्या मदरबोर्डांत येऊ लागला. मुंबईत सेकंडहँड बाजारात मुबलक मिळणाऱ्या एच६१ प्रकारच्या बहुतेक मदरबोर्डांत तो नसतो. अशा ठिकाणी साटा या जुन्या जोडणीची एसएसडी घ्यावी. जुन्या यंत्राला तीही पुरेशी वेगवान वाटते.

विंडोजचे चिन्ह येते आणि मग निळ्या पडद्यावर "इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस" असे दिसते.

विंडोज सुरू झाली, पण जिच्यावर ती बसली आहे ती डिस्कच तिला दिसेना, असा याचा अर्थ. बहुतेक वेळा बायोसमधील साटा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) एएचसीआयवरून रेडवर (आरएआयडी) किंवा उलट बदललेला असतो. आपण तो बदलला नसेल तरी तो बदलू शकतो: मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाचा, नाण्याच्या आकाराचा ३ व्होल्टचा सेल असतो, तो जुना झाला असेल आणि एसएसडी बसवण्यासाठी आपण वायर काढून ठेवली असेल, तर बायोस सगळी सेटिंग्ज विसरून कारखान्यातल्या स्थितीत जाते. संगणकाचे घड्याळ अचानक भलत्याच जुन्या वर्षाची तारीख दाखवू लागले असेल, तर सेल बदलावा आणि साटा मोड पूर्ववत करावा. विंडोजमध्ये घड्याळ चुकीचे दिसणे हे लोकांना किरकोळ वाटते. आमच्या दृष्टीने तो सर्वांत उपयोगी पुरावा असतो.

इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर याचाच चुलतभाऊ भेटतो. तिथे व्हीएमडी नावाची, डिस्क सांभाळणारी इंटेलची व्यवस्था चालू असल्याने इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. कोणीतरी ती बायोसमधून बंद करून विंडोज टाकतो आणि पुढे बायोस अपडेट झाल्यावर ती पुन्हा चालू होऊन निळा पडदा येतो.

संगणक ४८ अंकांची किल्ली मागतो आहे. ती आम्ही कधी ठेवलीच नव्हती.

हे बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे डिस्कला कुलूप लावणारे साधन आहे. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केल्याबरोबर डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि तिची किल्ली त्या खात्यात जमा होते. त्यानंतर सिक्युअर बूट (फक्त विश्वासातला बूटलोडर चालू देणारी सोय), टीपीएम (किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप) किंवा बूटचा क्रम बदलला, की संगणकाला कोणीतरी छेडछाड केल्याचा संशय येतो आणि तो किल्ली मागतो. दुसऱ्या फोनवरून त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन 'रिकव्हरी की' पाहावी आणि पडद्यावरील ओळखक्रमांकाशी ती जुळते का हे ताडून मगच टाकावी. लॅपटॉप घेताना दुकानातल्या मुलाने स्वतःच्या ईमेलने खाते उघडून दिले असेल, तर किल्ली त्याच्याकडे आहे, आणि हा प्रसंग आम्ही एकदा नव्हे, बऱ्याचदा पाहिला आहे. किल्ली मिळाली नाही तर तो डेटा कोणताही दुरुस्तीवाला काढून देऊ शकत नाही. काढून देतो म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नयेत.

जुन्या संगणकावर विंडोज ११ युक्तीने टाकली. आता तो सारखा रीस्टार्ट होतो.

विंडोज ११ अधिकृतपणे टीपीएम २.०, सिक्युअर बूटची सोय, ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी जागा मागते. यांतल्या काही अटी चुकवून ती टाकता येते हे खरे, पण २४एच२ या आवृत्तीपासून तिला प्रोसेसरमध्ये पॉपसीएनटी नावाची सूचना लागते आणि इथे कोणतीही युक्ती चालत नाही. कोअर २ ड्युओमध्ये ती सूचना नाही. असा संगणक चिन्हापर्यंत येतो आणि मागे फिरतो, पुन्हा येतो, पुन्हा फिरतो. त्याच्यावर हलकी लिनक्स टाकावी किंवा तो निवृत्त करावा.

लिनक्स टाकल्यावर "ग्रब रेस्क्यू" येते, किंवा पडदा काळाच राहतो.

ग्रब हा लिनक्सचा बूटलोडर. "रेस्क्यू" दिसणे म्हणजे ग्रबचा पहिला भाग सापडला, पण उरलेला भाग ज्या विभागात होता तो विभाग हलला किंवा पुसला गेला; विंडोजमधून "न ओळखता येणारा" विभाग डिलीट केल्यावर हे हटकून होते. लिनक्सच्याच पेनड्राइव्हवरून सुरू करून बूट रिपेअर हा प्रोग्रॅम चालवल्यास बहुतेक वेळा काम होते.

ग्रबची यादी येऊन त्यानंतर पडदा काळा होत असेल आणि संगणकात एनव्हिडियाचे कार्ड असेल, तर यादीत ई दाबून 'लिनक्स' ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' हा शब्द घालून एफ१० दाबावे. चित्र काहीसे ओबडधोबड दिसेल, पण आत जाऊन योग्य ड्रायव्हर टाकता येईल.

विंडोज यादीतून गायब झाली असेल तर घाबरू नये. ग्रबच्या २.०६ या आवृत्तीपासून इतर सिस्टिम शोधण्याचे काम मूळतः बंद ठेवलेले असते. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'ओएस प्रोबर' चालू करून यादी पुन्हा तयार करावी. आणि दोन्ही सिस्टिम एकत्र नांदत असताना विंडोजच्या अपडेटनंतर लिनक्स "एसबीएटी" असा काही संदेश देऊन बंद पडली, तर दोष आपला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटने अनेकांच्या जुन्या लिनक्स बूटलोडरवरचा विश्वास काढून घेतला होता. सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून लिनक्स अद्ययावत करावी आणि मग ते पुन्हा चालू करावे. बिटलॉकर चालू असल्यास त्याची किल्ली मात्र आधी हाताशी ठेवावी.

पंखा फिरतो, दिवा लागतो, पण कंपनीचे चिन्हही येत नाही.

मग ऑपरेटिंग सिस्टिमला दोष देण्यात अर्थ नाही. आधी मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डाला तर लावली नाही ना, ते पाहावे. विंडोज ११ साठी बायोसमधील सीएसएम हा, लेगसी पद्धत चालू ठेवणारा पर्याय नुकताच बंद केला असेल आणि ग्राफिक्स कार्ड जुने असेल, तर त्या कार्डाला यूईएफआयमध्ये चित्र उमटवता येत नसावे. मदरबोर्डचा सेल काही मिनिटे काढून ठेवला की बायोस मूळ स्थितीत येते.

हेही नसेल तर मेमरी. जुलै-ऑगस्टमध्ये, विशेषतः समुद्राकडच्या खोल्यांत, रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर करडा चिकट थर धरतो. एसएसडी बसवताना रॅम जराशी हलली, की तो थर मध्ये येतो आणि संगणक गप्प होतो किंवा ठरावीक अंतराने बीप देतो. प्लग काढावा, खटका दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्यावी, रॅम काढून पट्ट्यांवरून शाळेतला पांढरा खोडरबर हलकेच फिरवावा, कण झटकून टाकावेत आणि दोन्ही बाजूंच्या खुंट्या 'टक्' असा आवाज करून बसेपर्यंत ती दाबावी. एकाच कांडीवर, मग दुसऱ्या कांडीवर, असे सुरू करून पाहावे.

इन्स्टॉलेशनच्या मध्येच वीज गेली तर?

मुंबईत वीज क्वचितच जाते, म्हणून इथे यूपीएस ठेवण्याची सवय नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी शहरभर वीज गेली आणि लोकलही थांबल्या, तेव्हा आमच्या टेबलावर एक डेस्कटॉप नेमका अपग्रेडच्या मध्यात होता. वीज परत आल्यावर विंडोजने स्वतःच जुनी आवृत्ती पूर्ववत केली. बहुतेक वेळा असेच होते. तसे झाले नाही तर पेनड्राइव्हवरून पुन्हा सुरुवात करावी. बायोसचे अपडेट चालू असताना वीज गेली तर मात्र प्रकरण गंभीर होऊ शकते, कारण तिथे संगणकाला सुरू करणारे फर्मवेअरच अर्धवट लिहिलेले असते. बायोस अपडेट यूपीएसवर किंवा लॅपटॉपची बॅटरी भरलेली असतानाच करावे.

दोष पेनड्राइव्हचाच असू शकतो का?

होय. आयएसओ फाइल, म्हणजे सिस्टिमची एकसंध प्रत, पेनड्राइव्हवर नुसती टाकून ठेवली तर ती बूट होत नाही. ती रुफस किंवा तत्सम प्रोग्रॅमने उतरवावी लागते. पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा आणि शक्यतो नामांकित कंपनीचा असावा. फूटपाथवरच्या स्वस्त पेनड्राइव्हवर लिहिलेली क्षमता आणि खरी क्षमता यांत अंतर असते, आणि मग इन्स्टॉलेशन दर वेळी वेगळ्याच टक्क्यांवर अडते.

शेवटी दुकानात न्यावा लागला तर काय सांगावे?

कोणत्या टप्प्यावर थांबतो, शेवटचा बदल काय केला आणि डेटा हवा आहे की नको, या तीन गोष्टी लिहूनच द्याव्यात. तिसरी सर्वांत वर लिहावी, कारण घाईच्या दिवशी काउंटरवरचा माणूस तेवढीच ओळ वाचतो. डेटा महत्त्वाचा असेल तर डिस्क काढून घरी ठेवावी आणि उरलेला संगणकच तपासायला द्यावा, हेही चालते. विंडोजची परवानाकृत प्रत आहे का, हे आधीच सांगावे. 'ॲक्टिव्हेट करून देतो' म्हणून टाकलेली प्रत संरक्षणाचे प्रोग्रॅम बंद करून बसते आणि काही महिन्यांनी तोच संगणक त्याच टेबलावर परत येतो.